गोठ्यांतील मोटार

आमच्या धाकट्या बहिणीचें सासर छत्रपती संभाजीनगरास आहे. घर जुन्या वळणाचें. सासूसासरे, दोन दीर, जावा आणि मुलेंबाळें मिळून चौदा माणसांचा संसार तेथें अद्यापि एका चुलीवर चालतो. गेल्या वर्षीं आषाढांत तिचा निरोप आला कीं, "दादा, चार दिवस सवड काढून ये. तुझ्या भाच्यानें करमाडच्या गोठ्यांत काय मांडलें आहे तें एकदां डोळ्यांनीं पाहा, आणि मामा या नात्यानें त्याला चार शब्द सांग. घरांत तो कोणाचें ऐकत नाहीं."

मामाचा अधिकार मोठा खरा; परंतु तो बहुधा लाड करण्यापुरता असतो. कान उपटण्याचें काम आमच्याकडे कां यावें, याचा उलगडा तेथें पोंचल्यावर झाला. भाचा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षांत शिकत आहे. त्यानें व त्याच्या तीन सोबत्यांनीं मिळून एक अमेरिकन धाटणीची मोटार स्वतःच्या हातानें बांधावयास घेतली होती. विकत घेतलेल्या गाडीची रंगरंगोटी करण्याचा हा प्रकार नव्हे. लोखंडी नळ्या कापून व जोडून गाडीचा सांगाडाच मुळापासून उभा करावयाचा, त्यावर रीतसर मोडीत निघालेल्या एका वाहनाचें इंजिन बसवावयाचें, आणि वरून साठ वर्षांपूर्वींच्या एका नामांकित मोटारीसारखें अंग चढवावयाचें, असा बेत होता. शिकवण्या करून सांठविलेले पैसे त्यांत गेले होते. मुंजीच्या वेळीं आजीनें नांवावर टाकलेली ठेवहि मोडली होती. ज्या दिवशीं आजोबांस याचा सुगावा लागला, त्या दिवशीं घरांतलीं जेवणें अबोल्यानें झालीं.

आजोबा म्हणजे बहिणीचे सासरे, गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचा प्रश्न सरळ होता. "मुलाला लोहारच व्हायचें होतें, तर चार वर्षांची फी कशासाठीं भरली?" आणि दुसरा प्रश्न याहून टोंचणारा: "बरें, करायचें तर स्वतःचें कांहीं करा. दुसऱ्याच्या गाडीची नक्कल करण्यांत कसली आली विद्या?" वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, मोटारीच्या नाहीं तर दुसऱ्या कशाच्या तरी निमित्तानें, हे प्रश्न आज ना उद्यां उभे राहणारच. म्हणून तेथें आम्हीं जें पाहिलें तें थोडें विस्तारानें सांगतों.

संभाजीनगराहून जालन्याच्या सडकेनें निघालें म्हणजे सुमारें वीस किलोमीटरांवर करमाड लागतें. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें एक लहानसें स्टेशन. भोंवतालीं काळी जमीन आणि कापसाचीं शेतें. परंतु वाटेंतच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथें इ. स. २००१ पासून स्कोडा मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या. शहराच्या दुसऱ्या अंगास वाळूज येथें बजाज कंपनीचा कारखाना इ. स. १९८५ मध्यें सुरू झाला. पुढें सप्टेंबर २०१९ मध्यें शेंद्रें व बिडकीन मिळून होणाऱ्या नव्या उद्योगनगरीचें उद्घाटन झालें. ज्या मुलांनीं लहानपणापासून नव्या कोऱ्या मोटारी लादलेले लांब ट्रक सडकेनें जातांना पाहिले, त्यांतील एखाद्यास मोटार आंतून कशी असते हें पाहावेंसें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं.

बहिणीच्या सासरची करमाडास थोडी शेती आहे. बैल विकल्यापासून तेथील पत्र्याचा गोठा रिकामाच होता. आंत शिरतांच प्रथम दृष्टीस पडला तो दोन लांब, जाड नळ्यांचा आणि मधल्या आडव्या नळ्यांमुळें शिडीसारखा दिसणारा सांगाडा. ज्यांनीं बैलगाडी जवळून पाहिली आहे त्यांना हें ओळखींचें वाटावें. गाडीला जसा साठा, तशी मोटारीला ही चौकट. चाकें, इंजिन, बैठका आणि बसणारीं माणसें, सर्वांचा भार अखेर हिच्यावर.

ज्या मोटारीची ही मुलें प्रतिकृति करीत होतीं, तिची हकीकत मनोरंजक आहे. साध्या बांध्याच्या गाडींत भलें मोठें इंजिन बसवून ती पळवावयाची, या हौसेला अमेरिकेंत इ. स. १९६४ पासून विशेष भर आला. त्या वर्षीं पाँटियाक कंपनीनें आपल्या मध्यम आकाराच्या मोटारींत सुमारें ६.४ लिटरचें इंजिन घालून 'जी. टी. ओ.' नांवानें ती विकावयास काढली. त्याच वर्षीं १७ एप्रिल रोजीं फोर्डची 'मस्टँग' लोकांपुढें आली. अशा गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणजे पीळदार दंडाची मोटार म्हणूं लागले. इ. स. १९७३ मध्यें खनिज तेलाची टंचाई झाली आणि ही हौस ओसरली. परंतु या सर्वांच्या अगोदर कॅरोल शेल्बी नांवाच्या टेक्सासच्या गृहस्थानें एक वेगळाच घाट घातला होता. हा मनुष्य इ. स. १९५९ ची ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला. पण हृदयाच्या विकारामुळें त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. इ. स. १९६१ मध्यें त्यानें इंग्लंडांतील ए. सी. कंपनीला पत्र लिहून विचारलें कीं, तुमच्या हलक्या दोन बैठकांच्या गाडींत अमेरिकन आठ नळकांड्यांचें इंजिन बसेल काय? कंपनीनें होकार दिला, फोर्डनें इंजिन दिलें, आणि इ. स. १९६२ च्या आरंभीं 'कोब्रा' जन्मास आली.

या कोब्राचा सांगाडा नळ्यांचा होता. प्रथम दोन मुख्य नळ्या तीन इंच व्यासाच्या होत्या, पुढें इ. स. १९६५ मध्यें सात लिटरचें इंजिन बसवावयाचें ठरलें तेव्हां त्या चार इंची कराव्या लागल्या. एकंदर गाड्या झाल्या सुमारें एक हजार. त्यामुळें आज मूळ गाडीची किंमत कोट्यवधि रुपयांत गेली आहे, आणि जगांत मूळ गाड्यांपेक्षां नकलाच कितीतरी अधिक आहेत. मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील फॅक्टरी फाइव्ह नांवाची एक कंपनी इ. स. १९९५ मध्यें निघाली. ती नळ्यांचा सांगाडा, फायबरचें अंग आणि सुटे भाग गिऱ्हाइकास देते, आणि गिऱ्हाईक घरच्या शेडमध्यें महिनोन् महिने खपून आपली गाडी आपणच जुळवितो. आमच्या भाच्यानें कोब्रा निवडली याचें कारणहि व्यवहारी होतें. तिला छप्पर नाहीं, वर-खालीं होणाऱ्या कांचा नाहींत. आणि सांगाडा असा कीं चार मुलांच्या आवांक्यांत यावा.

"पण नळीच कां? भरीव दांडा अधिक मजबूत नाहीं काय?" असें आम्हीं विचारलें. भाच्यानें वहींत आंकडे मांडून दाखविले. २५ मिलिमीटर जाडीचा भरीव पोलादी दांडा घेतला तर त्याचें वजन मीटरामागें सुमारें ३.८५ किलोग्रॅम भरतें. तेवढ्याच पोलादाची ६० मिलिमीटर व्यासाची नळी केली, तर तिची भिंत जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाड होते. वजन तेंच, परंतु पीळ पडण्यास होणारा विरोध मात्र दहापटींहून अधिक. दांडा पिळला असतां गाभ्यांतील पोलाद जवळजवळ बसून खातें. खरें काम करतो तो बाहेरचा थर. म्हणून गाभा काढून तेंच पोलाद बाहेर नेलें कीं काम वाढतें. वेळूनें हें गणित फार पूर्वींच सोडवून ठेविलें आहे.

दुसरें तत्त्व त्रिकोणाचें. चार काठ्यांचा चौकोन कोपऱ्यांवर एकेका खिळ्यानें जोडला आणि एका बाजूनें दाबला, तर तो कलतो. त्यांत एक कर्ण ठोकला म्हणजे तो हालत नाहीं. ज्या गोठ्यांत आम्ही उभे होतों, त्याच्या पत्र्याखालची कैची याच आधारावर वर्षानुवर्षें वाऱ्यापावसांत उभी आहे. बिनछपराच्या मोटारीला पीळ लवकर पडतो, म्हणून मुलांनीं दोन मुख्य नळ्यांच्या वर बारीक नळ्यांच्या त्रिकोणी कैच्या उभ्या केल्या होत्या. मधल्या बोगद्याच्या, म्हणजे जेथून इंजिनाची फिरती दांडी मागच्या चाकांकडे जाते त्या जागेच्या, दोन्ही अंगांसहि तशाच. नळीचें तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईवर नीट बसावें यासाठीं तें माशाच्या उघड्या तोंडासारखें खांचून घ्यावें लागतें. एकेका तोंडाला तास तास कानस मारून त्यांचीं बोटें सोललेलीं होतीं. हें सर्व ऐकतां ऐकतां आमच्या मनांतील कान उपटण्याचा बेत ढिला पडत चालला, हें कबूल केलें पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही आजोबांस आग्रह करून गोठ्यांत नेलें. ते प्रथम दारांतच उभे राहिले. मग चष्मा पुसून आंत आले, आराखड्याची वही मागून घेतली, पानें उलटलीं, आणि एवढेंच विचारलें, "काटकोन कसा धरलास?"

"गुण्यानें, आजोबा."

"तुझा गुण्या तीस सेंटिमीटरचा. चौकट दोन मीटर चाळीस. म्हणजे गुण्यावरची चूक टोंकाला आठपट झाली. दोरी आण."

दोरी आली. आजोबांनीं चौकटीचे दोन्ही कर्ण मापविले; फरक तीन मिलिमीटरांचा निघाला. मुलें खूष झालीं. आजोबा म्हणाले, "हें झालें जमिनीवरचें मोजमाप. यज्ञाची वेदी दोरीनें आंखण्याची रीत शुल्बसूत्रांत सांगितली आहे. कर्णाचा सिद्धान्त बौधायनाला ठाऊक होता. पण वेदी जमिनीवर असते. तुमची चौकट हवेंत आहे. ती सपाट आहे हें कशावरून?" मग त्यांनीं दोन दोऱ्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवरून ताणून बांधविल्या. चौकट सपाट असेल, तर दोन दोऱ्या मधोमध एकमेकींस नुसत्या टेंकाव्यात. येथें मात्र वरची दोरी खालचीपासून उचललेली होती. भाच्यानें पट्टी लावून पाहिली. फट सात मिलिमीटरांची भरली. मधोमध सात, म्हणजे एका कोपऱ्यावर चौदा. दीड महिन्याच्या मेहनतीनें उभारलेली चौकट पिळलेली होती.

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग एका सोबत्यानें हळूच सुचविलें कीं, त्या कोपऱ्याखालीं पॅकिंग देऊं. वरून फायबरचें अंग बसलें कीं कोणाला दिसणार आहे? आमचें लक्ष भाच्याकडे होतें. खरें सांगावयाचें तर आम्हांस त्याची दया आली. सुचविलेला उपाय अगदींच अशक्य नव्हता. परंतु पिळलेल्या चौकटीवर चारी चाकांना भार सारखा येत नाहीं. एक चाक जड, एक हलकें. आणि ज्या क्षणीं एकदम ब्रेक दाबावा त्या क्षणीं गाडी एका अंगास ओढते. अंगाखालीं दडविलेली चूक दिसत नाहीं, एवढेंच. ती असते, आणि नको त्या वेळीं वर येते.

चूक झाली कशी, हें मात्र आजोबांस सांगतां येईना. तें सांगितलें शेजारच्या एका वृद्ध लोहारानें. हे गृहस्थ पूर्वीं बैलगाडीच्या चाकांवर धाव चढवीत. हल्लीं ट्रॅक्टरचीं अवजारें दुरुस्त करितात. गोठ्यांतली गडबड ऐकून ते सहज डोकावले, आणि जोड पाहून म्हणाले, "पोरांनो, लोखंड तापलं की फुगतं, निवलं की आखडतं. धाव त्याच्यावरच बसती. तुम्ही एकाच अंगानं जाळीत गेलात, मग ते एकाच अंगाला ओढलं. यात लोखंडाचा काय दोष?"

वाचकांपैकीं ज्यांनीं धाव चढवितांना पाहिली नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. लांकडी चाकाचा घेर असतो त्याहून किंचित् लहान असें लोखंडी कडें करतात. तें गोवऱ्यांच्या जाळांत लाल करून चाकावर चढवितात आणि लागलेंच पाणी ओततात. कडें आखडतें, आरे आणि पुठ्ठे एकमेकांत आवळले जातात, आणि खिळ्यांवांचून चाक एकजीव होतें. पोलादाचा एक मीटर शंभर अंश सेल्सियसनें तापविला तर सुमारें १.२ मिलिमीटर वाढतो. सव्वा मीटर उंचीच्या चाकाचा घेर सुमारें ३.९ मीटर, धाव चारशें अंशांनीं तापली, तर ती जवळजवळ १९ मिलिमीटर वाढते, आणि निवतांना तेवढीच आखडते. जी ओढ बैलगाडीचें चाक घट्ट करते, त्याच ओढीनें मुलांची चौकट पिळली होती. त्यांनीं एका टोंकापासून आरंभ करून ओळीनें एकेक जोड पुरा केला होता; प्रत्येक जोड निवतांना चौकटीस आपल्याकडे ओढीत गेला. भाच्याला हें पुस्तकांत वाचून ठाऊक होतें. त्या परीक्षेंत त्याला गुणहि उत्तम पडले होते. तें तो आम्हांस स्वतःच सांगत होता, आणि सांगतांना त्याची मान खालीं होती.

त्या रात्रीं तो घरीं नीट जेवला नाहीं. बहिणीला वाटलें, चला, आतां नाद सुटला. सकाळीं आम्ही करमाडास गेलों तों तो आधींच तेथें पोंचलेला. त्यानें ग्राइंडर लावून पहिली आडवी नळी कापून काढलेली होती. पॅकिंग सुचविणारा सोबतीच दुसरें टोंक धरून बसला होता.

दुसऱ्या चौकटीची रीत निराळी ठरली. लोहारबोवांच्या सांगण्यावरून दोन जड लोखंडी तुळया पाणसळीनें सपाट करून खालीं घातल्या आणि नळ्या त्यांवर शिकंज्यांनीं आवळल्या. प्रथम सर्व जोडांना नुसते बारीक टांके मारले. मग एक जोड पुढच्या डाव्या कोपऱ्याचा, तर पुढला मागच्या उजव्या कोपऱ्याचा, असा समोरासमोर थोडाथोडा पुरा केला. मधून मधून काम थांबवून दोऱ्या ताणून पाहावयाच्या. ही दोऱ्यांची तपासणी आजोबांनीं आपल्याकडे घेतली. कोणी त्यांना विचारलें नव्हतें. भाद्रपदाअखेर चौकट तुळयांवरून मोकळी केली, तेव्हां मधली फट एक मिलिमीटराहून कमी भरली.

पुढें पिळाची परीक्षा झाली. चौकटीचें मागचें टोंक घट्ट बांधलें, पुढचें टोंक मधोमध एका धारेवर टेंकविलें, पुढें एक आडवा दांडा बांधला, आणि मध्यापासून एक मीटरावर ७५ किलोग्रॅम वजनाचीं पोतीं टांगलीं. दांड्याचें टोंक जितकें खालीं जाईल तितका पीळ, ८.७ मिलिमीटर म्हणजे अर्धा अंश. मुलांची चौकट त्याहून कमी वांकली. अंगणांत बसून हें गणित आजोबांनीं दोनदां केलें, आणि दोन्ही वेळां उत्तर तेंच आलें.

आतां कायद्याची गोष्ट. आमचे मेहुणे बँकेंत नोकरीस असल्यामुळें नियमांचे कागद काढून बसण्याची त्यांस संवय. ते म्हणाले, "गाडी उत्तम झाली असें समजूं. ती चालवायची कुठें?" हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. इ. स. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीवांचून कोणतेंहि वाहन सार्वजनिक ठिकाणीं चालवितां येत नाहीं. नवी मोटार नोंदवावयाची तर तिच्या नमुन्याची पुण्याच्या 'ए. आर. ए. आय.' सारख्या मान्य संस्थेकडून परीक्षा व्हावी लागते. ही संस्था इ. स. १९६६ पासून आहे, आणि तिच्या परीक्षा कारखानदारांसाठीं आहेत, गोठ्यांतील चौघांसाठीं नव्हेत. बरें, जुन्या गाडीचे कागद ठेवून तिचें रूप पालटावें, तर कायद्याचें ५२ वें कलम आड येतें. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि मूळ बनावटीच्या विरुद्ध जाणाऱ्या फेरफारांस मनाई असल्याचें स्पष्ट केलें. हे नियम जाचक वाटले तरी निष्कारण नाहींत. सडकेवर आपण एकटे नसतों. दुसऱ्याचीं मुलेंहि असतात.

याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. सांगली जिल्ह्यांतील देवराष्ट्रें, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचें जन्मगांव, तेथील एका लोहारकाम करणाऱ्या गृहस्थानें आपल्या मुलाच्या हौसेसाठीं मोडीच्या सामानांतून एक छोटी जीप बनविली. डिसेंबर २०२१ मध्यें ती देशभर गाजली. उद्योगपति आनंद महिंद्र यांनीं तिचें कौतुक केलें. परंतु ती नियमांत बसत नसल्यानें सडकेवर टिकणार नाहीं हेंहि ओळखून, तिच्या मोबदल्यांत नवी मोटार देऊं केली, आणि जानेवारी २०२२ मध्यें तसा व्यवहार पुरा झाला. विद्यार्थ्यांसाठीं तर शर्यतीचें मैदान उघडें आहे. इ. स. २००७ पासून आपल्या देशांत 'बाहा' नांवाची स्पर्धा भरते. तींत अभियांत्रिकीचे विद्यार्थी पोलादी नळ्यांच्या गाड्या स्वतः बांधून खांचखळग्यांतून पळवितात.

राहिला आजोबांचा दुसरा प्रश्न, नकलेचा. त्याच्या उत्तरासाठीं इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांचें स्मरण करावेंसें वाटतें. यंत्रशास्त्राची कोणतीहि पदवी जवळ नसतां यांनीं इ. स. १९४९ मध्यें दोन बैठकांची एक लहान मोटार स्वतः तयार केली. तिचें नांव 'मीरा'. हिसके सोसण्यासाठीं पोलादी पाट्यांऐवजीं त्यांनीं रबराचा उपयोग केला. त्यानंतर सुमारें पंचवीस वर्षें ते तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या करीत राहिले. मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडावी अशी, बारा हजारांच्या आसपास किमतीची मोटार देण्याचा त्यांचा संकल्प होता. मीरा बाजारांत येऊं शकली नाहीं. मारुतीची लहान गाडी डिसेंबर १९८३ मध्यें आली, आणि त्या वर्गाच्या दारांत मोटार उभी राहिली ती तिच्या रूपानें. शंकररावांनीं कोणाची नक्कल केली नव्हती. त्यांनीं आपल्या लोकांची गरज पाहून आपली गाडी केली. त्या मानानें आमच्या भाच्याची कोब्रा ही परक्याच्या वैभवाची सांवली आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं.

परंतु आम्ही आजोबांस म्हणालों, "गुरुजी, आपण आयुष्यभर मुलांना पाटीवर काय करावयास लावलें? गिरवावयास. दुसऱ्यानें काढून दिलेलें अक्षर गिरवल्यावांचून स्वतःचें वळण कोणाला लागलें आहे?" आजोबा हंसले आणि म्हणाले, "खरें आहे. पण गिरवलेली पाटी आपली म्हणून कोणी भिंतीवर टांगीत नाहीं. ती पुसायची असते." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही मुलांस सांगावयास हव्यात.

तेव्हां बहिणीनें सांगितलेले ते चार शब्द आम्हीं अखेर भाच्यास सांगितले. ते चार अटींच्या रूपानें. पहिली अट, परीक्षेच्या दोन महिन्यांत गोठ्याला कुलूप, आणि किल्ली आईजवळ. दुसरी, पैपैचा हिशेब वहींत. ती वही दरमहा वडिलांनीं पाहावयाची, आणि कर्ज कोणाचेंहि काढावयाचें नाहीं. तिसरी, जोडकाम एकट्यानें करावयाचें नाहीं, आणि काळ्या कांचेवांचून ठिणगीकडे कोणी पाहावयाचें नाहीं. ही अट घालण्यास कारणहि घडलें होतें. उघड्या डोळ्यांनीं बघत बसलेल्या एका सोबत्याचे डोळे रात्रीं वाळू भरल्यासारखे खुपूं लागले, आणि मध्यरात्रीं त्याला डॉक्टरांकडे न्यावें लागलें. दोन दिवसांत तो बरा झाला, हें दैव. जस्ताचा मुलामा दिलेल्या नळ्याहि जोडावयाच्या नाहींत, कारण त्यांचा धूर अंगांत भिनून ताप भरतो. चौथी अट, गाडी सार्वजनिक सडकेवर आणावयाची नाहीं, आणि तिच्या नाकावर दुसऱ्याच्या कारखान्याचें चिन्ह लावावयाचें नाहीं. पाहणाऱ्यास ती प्रतिकृति म्हणूनच कळली पाहिजे.

भाच्यानें चारी अटी मान्य केल्या. शेवटची मान्य करावयास त्याला थोडा वेळ लागला.

बहिणीस आम्हीं निराळें सांगितलें. ती म्हणाली होती कीं मुलगा लोहारकामाला लागला. आम्ही म्हणालों, त्यांत गैर काय? बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं इ. स. १९१० मध्यें माळरानावर कारखाना वसविला, तो हात काळे करूनच. आपल्यासारख्या घरांत पुस्तकाला पाय लागला तर आपण नमस्कार करतों; हातोड्याला लागला तर तो बाजूला सारतों. चौदा मिलिमीटरांची चूक पुस्तकानें दाखविली नाहीं; ती एका दोरीनें दाखविली, आणि तिचें कारण एका लोहारानें सांगितलें. मुलानें ती दडविली नाहीं, ही जमेची बाजू कोणत्या गुणपत्रिकेंत लिहितात, तें आम्हांस ठाऊक नाहीं.

गाडी अद्यापि पुरी झालेली नाहीं. अंगाचा सांचा व्हावयाचा आहे; गणपतीच्या मूर्तीचा करतात तसाच तो करावा लागतो, आणि त्यासाठीं एका मूर्तिकाराकडे चौघांचें जाणें-येणें चालू आहे. हिशेबाची वही पावणेदोन लाखांवर गेली आहे आणि मेहुणे दरमहा तींत लाल शाईनें कांहीं तरी लिहितात.

बहिणीनें मात्र दसऱ्यास एक बातमी कळविली, ती येथें देऊन हा लेख पुरा करतों. खंडेनवमीला करमाडच्या गोठ्यांत प्रथमच पूजा झाली. लोहारबोवांना मुद्दाम बोलावणें गेलें होतें. ग्राइंडर, कानशी, गुण्या, पाणसळ हीं सर्व पाटावर मांडून झालीं, हळदकुंकू वाहिलें, आणि आरतीला आरंभ होणार इतक्यांत आजोबांनीं सर्वांस थांबविलें. कोटाच्या खिशांतून त्यांनीं ती दोरी काढली, नीट गुंडाळली, आणि गुण्याच्या शेजारीं ठेवली.